जानेवारीत पानिपत

कर्नाळ रोडच्या आमच्या घरात
तो शब्द गावाचं नाव म्हणून कधी आलाच नव्हता.
हळदीचा भाव पडला, पानिपत.
शर्वीचं सहामाहीचं गणित, पानिपत.
मिक्सर जळाला त्या सकाळीही आईनं
तव्यावर भाकरी उलटता उलटता तेच म्हटलं.
मग शर्वीनं विचारलं,
तिथं जी माणसं राहतात
त्यांचं वाटोळं झालं की ती काय म्हणतात?

कुणालाच सांगता येईना.
तात्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
त्यातून ही सहल निघाली.

हिंदुरावतात्या, मार्केट यार्डात चाळीस वर्षं तोलार,
त्यांनी वहीत रेघा आखल्या.
मिरज ते निजामुद्दीन, पुढं दोन तास.
माणसं सहा. तात्या, आई, वैजयंता, शर्वी, मी
आणि मेहुणा विश्वास,
जो नको नको म्हणत होता,
कारण अख्खी गल्ली त्याला एकच विनोद ऐकवणार होती.
ऐकवलाच.
वर पाच बर्थ पक्के झाले
आणि विश्वास तेवढा वेटिंगवर.
सगळे हसले. तात्यांनी मात्र त्याच्या नावापुढं
पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

वैजयंता म्हणाली, मे महिन्यात जाऊ,
जानेवारीत तिकडं धुकं, गाड्या आठ-आठ तास लेट.
"जायचं तर संक्रांतीलाच," आई म्हणाली,
"त्यांनी काय मे महिना बघितलावता?"
तिला इतिहास फारसा येत नाही.
कोण कुणाला फितूर, कुणाची चूक,
असल्या भांडणात ती पडत नाही.
चौथीच्या पुस्तकातलं तिच्यापाशी एवढंच उरलंय
की ती माणसं उपाशी होती.

त्यामुळं सामानाची यादी माझ्या हातून गेली.
भडंग दोन किलो. दशम्या. शेंगदाण्याची चटणी,
तिळाच्या पोळ्या, आणि वर ज्वारीचं पीठ पायलीभर.
"अगं, सहा जणं आपण. पीठ कशाला?"
"असू दे. लागतंय."
कुणाला लागतंय, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

स्वेटर शोधताना माळ्यावरून
ते करडं ब्लँकेट खाली आलं.
पुराच्या साली,
आयर्विन पुलावर जाऊन आकडा बघायचंही लोकांनी सोडलं तेव्हा,
आम्ही विश्रामबागेतल्या एका शाळेत होतो,
तिसरीच्या वर्गात, नऊ रात्री.
ट्रकमधून कुणीतरी फेकलं, आईनं झेललं.
खरखरीत. अंगाला टोचायचं. पण ऊब होती.
त्या नऊ रात्रींत कुणी त्याचा कोपरा उलटून बघितला नव्हता.
आता शर्वीनं बघितला, लेबल नखानं सपाट केलं.
पानीपत.
"आज्जी, नी चुकलाय. दीर्घ काढलाय."
"त्यांचा तसाच असतो," तात्या म्हणाले.

आई बराच वेळ घडी घालत बसली.
घातली, मोडली, परत घातली,
मग पिठाच्या डब्याशेजारी बॅगेत ठेवली.
"तिथं ढिगानं मिळतात गं ही," वैजयंता म्हणाली.
"न्यायला न्हाई. दावायला."

काल रात्री तात्यांनी मला ओट्यावर बोलावलं.
परतीचं काढलंस?
काढतो, अजून हाय की वेळ.
"तसं न्हाई. आधी परतीचं काढायचं असतं,"
आणि ते अंधारात रस्त्याकडं बघत बसले,
जसं कुणीतरी हे सांगायचं विसरलं होतं
आणि चूक अजून त्यांच्याच खात्यावर होती.

मी तिथंच बसून मोबाईल उघडला.
सहाच्या सहा पक्की मिळाली.
तात्यांनी वही मागितली, शर्वीचं खोडरबर मागितलं.
विश्वासपुढचं चिन्ह पुसलं,
भुगा फुंकरीनं उडवला,
परत चष्मा लावून बघितलं, गेलंय का.

जाण्याचं त्याचं अजून वेटिंगच आहे.
बत्तीस.